टाचेच्या एका थेंबातला वारसा : सिकलसेल, नवजात अर्भक आणि परिचारिकेचे काम

बाळ वेळेवर जन्मले, लगेच रडले, वजन अडीच किलोच्या वर भरले, तासाभरात आईच्या अंगावर प्यायलेही. प्रसूतिकक्षाच्या नोंदवहीत अशा बाळापुढे ‘निरोगी’ असे लिहिले जाते आणि त्या क्षणापुरते ते खरेही असते. मात्र मध्य भारतात जन्मणाऱ्या काही बाळांच्या रक्तात एक असा वारसा आलेला असतो, जो पहिल्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही, पहिल्या महिन्यातही जाणवत नाही आणि बाळ सहा महिन्यांचे होऊ लागले की हातापायांची सूज, फिकटपणा किंवा एखादा साधा वाटणारा ताप या रूपाने अचानक समोर येतो. सिकलसेल हा तो आजार. परिचर्येच्या अभ्यासक्रमात ‘मूलभूत आनुवंशिकी’ आणि ‘नवजात अर्भकाची काळजी’ ही दोन स्वतंत्र प्रकरणे असतात. सातपुड्याच्या पायथ्याशी ती दोन्ही एकाच पाळण्यात भेटतात.

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच प्रांतात होते. सीमारेषा आखली गेली, तरी घराघरांतली मराठी, संत्र्याचे बगीचे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार आणि दवाखान्यासाठी नागपूर गाठण्याची सवय कायम राहिली. नागपूर–इटारसी लोहमार्गावर पांढुर्णा सोडले की तिगाव लागते आणि तिथून चिचोंड्याच्या दिशेने गाडी घाट चढू लागते. खाली वऱ्हाड-नागपूरची कापूस-संत्र्याची सपाटी, वर सातपुड्यातील गोंड वस्त्या. या दोन्हींच्या सांध्यावर तिगावसारखी गावे वसलेली आहेत आणि सिकलसेलचे जनुक या सांध्याच्या दोन्ही बाजूंना आढळते.

एका अक्षराचा फरक

मानवी शरीरातील बहुतेक पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून, तर दुसरे वडिलांकडून आलेले असते. त्यामुळे बहुतेक जनुकांच्या दोन-दोन प्रती आपल्याजवळ असतात. गुणसूत्र हा ग्रंथ मानला, तर जनुक हे त्यातले एक वाक्य आणि त्या वाक्याच्या आधारे पेशी एखादे प्रथिन घडवते.

रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे असेच एक प्रथिन. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा व दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. या जनुकातील एकच रासायनिक अक्षर बदलते आणि १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. बाकीची सगळी साखळी जशीच्या तशी असते. एवढ्याशा बदलाने तयार होणाऱ्या हिमोग्लोबिनला ‘एस’ आणि नेहमीच्या हिमोग्लोबिनला ‘ए’ म्हणतात.

‘एस’ हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात. एरवी लवचीक, वाटोळी असलेली तांबडी पेशी त्यामुळे ताठ होऊन विळ्याच्या पात्यासारखी वाकते. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होऊन असह्य वेदना होतात. शिवाय एरवी सुमारे १२० दिवस जगणारी तांबडी पेशी या आजारात अवघी १० ते २० दिवस टिकते. म्हणूनच रुग्ण सतत फिकट दिसतो आणि त्याच्या डोळ्यांत पिवळी झाक येते.

या आजाराची वैद्यकीय नोंद प्रथम १९१० साली शिकागोतील डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केली. त्यांचा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून आलेला एक विद्यार्थी होता. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार एका रेणूतील दोषामुळे होतो असे दाखवले, तर १९५०च्या दशकात व्हर्नन इन्ग्रम यांनी तो नेमका बदल शोधला. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये हे जनुक आढळले आणि १९५८ साली नागपूर परिसरातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आली. म्हणजे मराठी मुलखाला या वारशाची ओळख होऊन साडेसहा दशके उलटली आहेत.

हे जनुक इथे टिकून का राहिले, या प्रश्नाचे उत्तर हिवतापात आहे. ज्याच्या दोन प्रतींपैकी एकच ‘एस’ आहे, त्याला लहानपणी तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. हिवतापाच्या रानात एकच प्रत असलेली मुले अधिक जगली आणि जनुक पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेले. एखाद्या समाजात ते अधिक आढळते, यात त्या समाजाचा कमीपणा नाही. पूर्वजांनी हिवतापाशी दिलेल्या झुंजीची ती खूण आहे.

वाहक आणि रुग्ण : गोंधळ इथेच होतो

विद्यार्थिनींनी मनात पक्का धरावा असा पहिला भेद म्हणजे वाहक आणि रुग्ण यांतला. दोन्ही प्रती ‘ए’ असतील, तर व्यक्ती सिकलसेलपासून मुक्त (‘एए’). एक ‘ए’ व एक ‘एस’ असेल, तर ती वाहक (‘एएस’). दोन्ही ‘एस’ असतील, तर ती रुग्ण (‘एसएस’). वाहक माणूस शेतात राबतो, शाळेत शिकतो, बाळंतपणे पार पाडतो. सहसा त्याला आजन्म काही त्रास होत नाही. वाहकाचा पुढे रुग्ण होत नाही. ‘आज वाहक आहे, उद्या आजार बळावेल’ ही भीती निराधार आहे. वाहक गर्भवतीने लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या इतर गर्भवतींप्रमाणेच घ्यायच्या असतात. सिकलसेल रुग्ण असलेल्या गर्भवतीला मात्र लोह द्यायचे की नाही, हे डॉक्टर तपासणीनंतर ठरवतात.

आता पुढची पिढी. प्रत्येक पालक आपल्या दोन प्रतींपैकी एकच प्रत बाळाला देतो आणि कोणती प्रत जाणार हे नाणे उडवल्यासारखे योगायोगावर ठरते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ मुक्त असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि रुग्ण असण्याची २५ टक्के. दोघांपैकी एकच वाहक आणि दुसरा मुक्त असेल, तर बाळ वाहक असण्याची शक्यता ५० टक्के. रुग्ण होण्याचा प्रश्नच नाही. एक रुग्ण आणि एक मुक्त असेल, तर सगळी मुले वाहक होतील, रुग्ण एकही नाही. एक रुग्ण आणि एक वाहक असेल, तर रुग्ण असण्याची शक्यता ५० टक्के.

इथे ‘प्रत्येक गर्भारपणात’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. चारांत एक म्हणजे चार मुलांपैकी एकच आजारी, असा हिशेब घरोघरी मांडला जातो. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील’ हा त्यातूनच निघणारा फसवा दिलासा. नाण्याला मागच्या वेळचे काही आठवत नसते. तीन निरोगी मुलांच्या पाठीवर चौथेही निरोगी असू शकते आणि पहिल्या आजारी मुलाच्या पाठीवर दुसरेही आजारी असू शकते. प्रत्येक वेळी शक्यता तीच.

दुसरा मुद्दा त्याहून नाजूक. रुग्ण बाळात दोन ‘एस’ असतात. एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. तरीही मूल आजारी निघाले की बोट सुनेकडे वळते, माहेरच्या रक्ताचा उद्धार होतो. आनुवंशिकीचे हे साधे गणित ज्या परिचारिकेला सासूसमोर, नवऱ्यासमोर शांतपणे मांडता येते, ती एका बाईच्या पुढच्या आयुष्यावरचा मोठा भार हलका करते.

सगळे आनुवंशिक आजार याच नियमाने चालत नाहीत, हेही विद्यार्थिनींना ठाऊक हवे. सिकलसेल व थॅलॅसेमिया यांत आजार होण्यासाठी दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. हिमोफिलिया आणि जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता यांची जनुके ‘एक्स’ गुणसूत्रावर असतात; मुलग्यांना एकच ‘एक्स’ असल्याने हे दोष त्यांच्यात अधिक दिसतात. डाऊन सिंड्रोम सहसा एकविसावे गुणसूत्र एक जास्त आल्याने होतो आणि बहुतेक वेळा तो आईवडिलांकडून वारशाने आलेला नसतो. यातली एक बाब तर थेट बाळंतघराच्या ट्रंकेपर्यंत पोचते. बाळाची जुनी कपडे-लंगोटे डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली असतात. त्या गोळ्यांतील नॅफ्थॅलीनमुळे जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ‘कपडे गोळ्यांत ठेवलेले नकोत, धुऊन, उन्हात वाळवून वापरा’ हा साधा सल्ला आनुवंशिकीच्या अभ्यासातूनच आलेला आहे.

पहिले सहा महिने आजार लपतो कसा

सिकलसेल जन्मतःच असूनही जन्मतः दिसत का नाही, याचे उत्तर निसर्गाच्या एका सोयीत आहे. गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि त्याला ‘एफ’ म्हणजे गर्भ-हिमोग्लोबिन म्हणतात. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात बहुतांश ‘एफ’च असते आणि ते ‘एस’च्या दोऱ्या बनू देत नाही. पुढच्या काही महिन्यांत ‘एफ’ ओसरते, त्याची जागा आईवडिलांकडून आलेले ‘ए’ किंवा ‘एस’ घेते. रुग्ण बाळात तेव्हा ‘एस’चे राज्य सुरू होते आणि लक्षणे डोके वर काढतात.

मध्य भारतातील रुग्णांत ‘एफ’चे प्रमाण आफ्रिकी रुग्णांच्या तुलनेत पुष्कळदा अधिक राहते. त्यामुळे ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य’ असा समज दीर्घकाळ होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेच्या साहाय्याने नवजात बाळांची तपासणी करून त्यांचा पुढे पाठपुरावा केला. त्यातून असे दिसले की काही मुलांत आजार लवकर आणि तीव्रतेने प्रकटतो. म्हणून ‘सौम्य असेल’ या भरवशावर एकाही बाळाला सोडता येत नाही.

या सोयीचा एक तोटा तपासणीत जाणवतो. मोठ्या माणसांसाठी वापरली जाणारी विद्राव्यता चाचणी, म्हणजे द्रावण गढूळ झाले की ‘एस’ आहे असे मानण्याची पद्धत, सहा महिन्यांखालील बाळांत विश्वासार्ह नसते. ‘एस’ इतके थोडे असते की द्रावण स्वच्छच दिसू शकते. शिवाय ही चाचणी मोठ्यांतही वाहक व रुग्ण यांतला भेद सांगत नाही आणि थॅलॅसेमियाचा वाहक तर तिच्या जाळ्यातून पूर्ण निसटतो. एका पालकाकडून ‘एस’ आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलॅसेमियाचे जनुक आले, तरी बाळ आजारी होऊ शकते. म्हणून नवजात बाळासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून मोजणारी एचपीएलसी किंवा तत्सम प्रयोगशाळेतील चाचणी लागते.

त्या अहवालात अक्षरे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने येतात. ‘एफए’ म्हणजे नेहमीचे बाळ, ‘एफएएस’ म्हणजे वाहक, ‘एफएस’ म्हणजे बहुधा रुग्ण. त्याची पुन्हा चाचणी करून खात्री करायची. बाळाला आधी रक्त चढवले असेल, तर दात्याचे ‘ए’ मिसळून निष्कर्ष फसतो. म्हणून नमुना रक्त देण्यापूर्वी घ्यावा आणि ते शक्य नसेल, तर रक्त दिल्याची नोंद कागदावर न विसरता करावी.

टाचेतून रक्त घेताना

ही चाचणी ज्या थेंबावर उभी आहे, तो थेंब परिचारिका घेते. बाळाची टाच हलक्या उबेने गरम करावी, निर्जंतुक करून सुकू द्यावी. टोचायची जागा टाचेच्या तळव्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला. मधोमध किंवा मागच्या गोलाईवर कधीही नाही, कारण तिथे हाड जवळ असते. टोचणीची खोली दोन मिलिमीटरपेक्षा अधिक नको. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसावा आणि पुढचा मोठा थेंब गाळणकागदावरील वर्तुळात एका बाजूने असा सोडावा, की तो आरपार उतरेल. एकावर एक थेंब टाकू नयेत, टाच पिळू नये. कागद आडवा ठेवून, उन्हापासून दूर, तीन-चार तास वाळवावा. बाळाला त्या वेळी आईने छातीशी घेऊन पाजले, तर त्याला वेदना कमी जाणवतात.

हिमोग्लोबिनची चाचणी जन्मापासून कधीही करता येते. थायरॉइड व चयापचयाच्या दोषांसाठीचा नमुना मात्र साधारणपणे ४८ तास उलटल्यावर घेणे योग्य. यासंदर्भात गोमंतकाचा उल्लेख अगत्याचा आहे. नवजात अर्भकांची अशी तपासणी शासकीय पातळीवर संपूर्ण राज्यासाठी हाती घेण्याचे पाऊल गोव्याने २००८ साली उचलले, तेव्हा देशात अशी उदाहरणे विरळा होती. लहान राज्य, बहुतांश प्रसूती रुग्णालयांत आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर, अशी अनुकूलता गोव्याला होती. तिगावच्या बाळाच्या बाबतीत तज्ज्ञ रुग्णालय म्हणजे पुष्कळदा सुमारे शंभर किलोमीटरवरचे नागपूर, तेही दुसऱ्या राज्यात. अंतर जितके अधिक, तितका तो वाळलेल्या रक्ताचा कागद मोलाचा, कारण बाळाऐवजी कागद प्रवास करू शकतो.

तपासणी कशासाठी : सहा आठवड्यांची मुदत

आजार बरा होत नसेल, तर आधी कळून उपयोग काय, असा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. त्याचे उत्तर ठोस आहे. सिकलसेलमध्ये प्लीहा लहान वयातच निकामी होऊ लागते. प्लीहा हा जंतूंना गाळणारा अवयव असल्याने, ती ढासळली की न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत रक्तात पसरून बाळ दगावू शकते. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रुग्ण बालकांना दररोज तोंडाने पेनिसिलिन दिल्यास अशा गंभीर जंतुसंसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटते असे आढळले. तेव्हापासून जगभर नवजात तपासणीला हा भक्कम आधार मिळाला. पेनिसिलिन साधारणतः दोन महिन्यांच्या वयाच्या आत सुरू करून पाच वर्षांपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्याने दिले जाते. अर्थात अहवाल त्याआधी आईच्या हाती पडायला हवा.

ही मुदत आपल्या आरोग्यव्यवस्थेत चपखल बसते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेट देते. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही जाते. या गृहभेटींचे मूळ मराठी मातीतच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. आशाची शेवटची भेट ४२व्या दिवशी, म्हणजे सहा आठवड्यांनी. न्यूमोकोकसची पहिली लसही सहा आठवड्यांनी (पुढच्या मात्रा १४ आठवडे व ९ महिन्यांनी). अहवाल त्या दिवसापर्यंत पोचला, तर लस, पेनिसिलिन आणि समुपदेशन यांची सांगड एकाच भेटीत घालता येते.

‘एफएस’ अहवाल आलेल्या बाळाच्या आईला चार गोष्टी शिकवून पाठवायच्या असतात. ताप आला, तर घरी गोळी देऊन वाट पाहायची नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचे. डाव्या बरगडीखाली बोटे ठेवून प्लीहा कशी चाचपायची, हे तिच्याच हाताने करून घ्यायचे; बाळ अचानक पांढरेफटक पडले आणि पोट फुगले, तर रक्त प्लीहेत साचत असू शकते आणि ती तातडीची वेळ असते. हातापायांचे पंजे सुजून बाळ किरकिर करू लागले, तर ते पडल्यामुळे किंवा नजरेमुळे झाले असे समजून लेप लावत बसायचे नाही. आणि बाळाला वयानुसार भरपूर दूध-पाणी मिळेल, थंडीवाऱ्यात ते गारठणार नाही, याकडे लक्ष द्यायचे. पहिले सहा महिने मात्र फक्त आईचे दूध, वरचे पाणी नाही. मूल थोडे मोठे झाल्यावर हायड्रॉक्सियुरिया हे औषध ‘एफ’ हिमोग्लोबिन वाढवून वेदनेचे झटके कमी करते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते.

आधी बाळ, मग जनुक

आनुवंशिकीच्या ओघात पायाभूत काळजी मागे पडता कामा नये. सिकलसेलचे बाळही इतर बाळांसारखेच आधी गारठ्याने, जंतुसंसर्गाने आणि श्वास न घेतल्याने धोक्यात येते. जन्मल्याबरोबर कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवणे. न रडल्यास पहिल्या मिनिटातच श्वासासाठी मदत. बाळ ठीक असेल, तर नाळ एक ते तीन मिनिटांनी कापणे. पहिल्या तासात स्तनपान. ‘क’ नव्हे तर ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन. बीसीजी, पोलिओची शून्य मात्रा आणि २४ तासांत हिपॅटायटिस-बीची लस. पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवणे. नाळेला काहीही न लावता ती कोरडी ठेवणे. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहावे.

या यादीतल्या काही गोष्टी घरच्या रीतींना छेद देतात. चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकणे, मध किंवा गुटी चाटवणे, डोळ्यांत काजळ, नाळेवर हळद-तेल. त्यावर तुच्छतेने बोललेली परिचारिका दुसऱ्या दिवशी ऐकली जात नाही. चीक म्हणजे बाळाचे पहिले लसीकरण, असे आजीलाच सांगितले आणि बाळाला उबेत ठेवण्याची जबाबदारी तिच्याकडे सोपवली, तर तीच आजी सर्वांत खंबीर सहकारी ठरते.

मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास, छातीत खळगा पडणे, झटके, दूध न ओढणे, अंग तापणे किंवा गार पडणे, हालचाल मंदावणे ही धोक्याची चिन्हे. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ आणि केव्हाही तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली कावीळ यांना ‘साधी’ म्हणायचे नाही.

कार्ड, गुपित आणि भाषा

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवणे आणि त्यासाठी १७ राज्यांत ४० वर्षांखालील सात कोटी व्यक्तींची तपासणी करणे, हे तिचे उद्दिष्ट. देशातील अनुसूचित जमातींत दर ८६ जन्मांमागे एक बाळ सिकलसेलचे असते, असा केंद्र सरकारचा अंदाज आहे. विदर्भात मात्र हे जनुक अनुसूचित जमातींपुरते मर्यादित नाही. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही ते आढळते. ‘हा त्यांचा आजार’ असे म्हणून एखाद्या गर्भवतीची चाचणी टाळणे म्हणूनच चुकीचे आहे.

मोहिमेत तपासणी झालेल्यांना समुपदेशन कार्ड दिले जाते. वधू-वरांची कार्डे जुळवून पाहिली की धोका कळतो. दोन वाहकांनी लग्नच करू नये, असा कायदा नाही. त्यांनी नीट समजून निर्णय घ्यावा, एवढाच हेतू. लग्न झालेले असेल, तर गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीतच पत्नीची आणि ती वाहक असल्यास लगेच पतीची चाचणी व्हावी. साधारण १० ते १३ आठवड्यांत वारेच्या नमुन्यातून किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजलातून गर्भाचे निदान करता येते. प्रसूतिपूर्व लिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यानेही हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीच्या चाचणीला, नोंदणीकृत केंद्रात, परवानगी दिली आहे. पुढे काय करायचे, हा निर्णय त्या जोडप्याचा. समुपदेशकाने माहिती द्यायची असते, कल द्यायचा नसतो.

याच टप्प्यावर परिचारिकेच्या जिभेची परीक्षा असते. एका मुलीचा ‘वाहक’ असा अहवाल बाजारात फुटला, तर तिचे ठरलेले लग्न मोडू शकते. क्वचित बाळाचा अहवाल आईवडिलांच्या अहवालांशी जुळत नाही. नमुन्यांची अदलाबदल झालेली असू शकते, चाचणी चुकलेली असू शकते किंवा कारण अगदी खाजगी असू शकते. अशा वेळी सर्वांसमोर प्रश्न न विचारता तो कागद डॉक्टरांकडे नेणे आणि मौन पाळणे, हाच व्यवसायधर्म.

भाषेचा प्रश्न सीमाभागात आणखी एका अंगाने येतो. मध्य प्रदेशात सरकारी कागद हिंदीत असतात; तिगावच्या चुलीपाशी चर्चा मराठीत होते. ‘वाहक’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच असला, तरी त्याचा अर्थ ‘आजारी’ असाच घेतला जातो. म्हणून शब्द देऊन थांबू नये. ‘तुमच्या अंगात या आजाराचे एक बी आहे, पण ते एकटे उगवत नाही; जोडीदाराकडेही तेच बी असेल, तर बाळाला त्रास होऊ शकतो’ असे घरच्या भाषेत सांगितले की ते कळते आणि लक्षातही राहते.

महाराष्ट्रातील कैक घरांत आजही बाळाच्या पाचवीला किंवा सहावीला सटवाईची पूजा होते. त्या रात्री ती बाळाच्या कपाळावर भाग्य लिहून जाते, ही श्रद्धा. जनुकांची अक्षरे त्याच्या कितीतरी आधी, गर्भधारणेच्या क्षणी लिहिली गेलेली असतात आणि ती पुसता येत नाहीत. ती वाचता मात्र येतात. लवकर वाचली, तर ‘एफएस’ अहवालाचे बाळ लस घेते, औषध घेते, तापाच्या रात्री वेळेवर रुग्णालयात पोचते आणि शाळेत जाते. उशिरा वाचली, तर पुष्कळदा त्या घरात एवढेच सांगितले जाते की बाळ तापाने गेले. या दोन शक्यतांमध्ये पहिल्यांदा उभी राहते ती प्रसूतिकक्षातील परिचारिका. तिच्या हातात एक टोचणी, एक गाळणकागद आणि पुढचे सहा आठवडे असतात.